पत अहवालातील चुकीच्या ‘थकबाकीदार’ नोंदीबद्दल बँकेकडून नुकसानभरपाई कशी मिळवावी

पत अहवालातील चुकीची नोंद दुरुस्त करून घेणे आणि त्या नोंदीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मिळवणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत, आणि त्यांतील पहिले काम घाईने केले तर दुसरे अवघड होऊन बसते. बहुतेक माणसे चूक लक्षात येताच पतमाहिती कंपनीच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवून पत अहवाल (क्रेडिट रिपोर्ट) देणाऱ्या ‘सिबिल’सारख्या कंपनीच्या, संकेतस्थळावर वाद नोंदवतात. तीन-चार आठवड्यांत नोंद दुरुस्त होते, आणि मग कोणीतरी भरपाईचा विषय काढतो. तोपर्यंत हातात उरतो तो स्वच्छ अहवाल. चूक होती, ती अमुक महिने होती आणि तिच्यामुळेच कर्ज नाकारले गेले, हे दाखवणारा कागद जवळ नसतो. म्हणून या लेखातील क्रम नेहमीपेक्षा थोडा निराळा आहे: आधी पुरावा गोळा करायचा, मग तक्रार करायची आणि भरपाईची मागणी त्या पहिल्याच तक्रारीत घालायची.

नोंद नेमकी काय म्हणते ते वाचा

भारतात चार पतमाहिती कंपन्या काम करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. आपण बोलताना सरसकट ‘सिबिल’ म्हणत असलो तरी बँका या चौघींनाही माहिती पाठवतात आणि चौघींकडील अहवाल एकसारखे असतीलच असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीने दर कॅलेंडर वर्षात एक संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा असतो. त्यामुळे चारही अहवाल एकाच दिवशी उतरवून घ्यावेत. मोबाइल ॲपवर दिसणारा नुसता स्कोअर या कामासाठी निरुपयोगी आहे. स्कोअर म्हणजे ३०० ते ९०० मधील एक आकडा, आणि तो का घसरला हे त्यातून कळत नाही.

अहवालात प्रत्येक कर्जखात्यापुढे महिन्यागणिक एक रकाना असतो. हप्ता किती दिवस थकला होता तो आकडा त्या रकान्यात येतो. तेथे ‘०००’ असेल तर त्या महिन्यात काहीही थकीत नव्हते, ‘०९०’ असेल तर नव्वद दिवस थकीत होते. अक्षरी वर्गीकरणात ‘एसटीडी’ म्हणजे नियमित खाते आणि ‘एसयूबी’, ‘डीबीटी’, ‘एलएसएस’ म्हणजे उत्तरोत्तर अधिक बुडीत समजले गेलेले खाते. याशिवाय खात्याच्या स्थितीत ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलेले), ‘रिटन ऑफ’ (बँकेने निर्लेखित केलेले), ‘सूट फाइल्ड’ (वसुलीचा दावा दाखल झालेले) किंवा ‘विलफुल डिफॉल्ट’ (जाणूनबुजून बुडवलेले) असा शेरा असू शकतो. आपली तक्रार यांपैकी नेमक्या कोणत्या नोंदीबद्दल आहे, कोणत्या खात्याच्या आणि कोणत्या महिन्यांच्या, हे एका कागदावर उतरवून काढावे. ‘माझा सिबिल खराब केला’ अशा वाक्याने सुरू होणाऱ्या तक्रारीला बँक तितकेच मोघम उत्तर देते.

चूक खरोखर बँकेची आहे का?

हा प्रश्न स्वतःला कठोरपणे विचारावा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे राहते. बँकेशी तडजोड करून कमी रकमेत कर्ज मिटवले असेल तर ‘सेटल्ड’ हा शेरा कितीही बोचला तरी तो खोटा नसतो. मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो असू आणि त्याने हप्ते बुडवले असतील, तर आपल्या अहवालात ते कर्ज दिसणे हीदेखील चूक नव्हे. खात्यात शिल्लक नसल्यामुळे हप्ता परत गेला आणि आपण तो बारा दिवसांनी भरला, तर बारा दिवसांची थकबाकी खरीच आहे.

बँकेची चूक बहुधा पुढील प्रकारांत सापडते. कर्ज पूर्ण फेडले, थकबाकी नसल्याचे प्रमाणपत्र मिळाले, तरी खाते चालू आणि थकीत दाखवले जाते. खात्यात पुरेशी शिल्लक असताना बँकेच्या यंत्रणेतील बिघाडामुळे हप्ता वळता होत नाही आणि दोष ग्राहकाच्या माथी येतो. कधीही न मागितलेल्या किंवा बंद केलेल्या क्रेडिट कार्डावर वार्षिक शुल्क लागते, त्यावर व्याज चढते आणि काही हजारांची ‘थकबाकी’ तयार होते. नावसाधर्म्यामुळे किंवा पॅन क्रमांकाच्या नोंदीत झालेल्या चुकीमुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या अहवालात येते. आणि अलीकडे वाढलेला प्रकार म्हणजे आपली कागदपत्रे वापरून भलत्यानेच कर्ज उचललेले असते.

या शेवटच्या प्रकारात बँकेला पत्र पाठवण्याआधी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, आणि बँकेकडे कर्जाचा अर्ज, ओळख पटवण्यासाठी घेतलेली कागदपत्रे आणि रक्कम ज्या खात्यात जमा केली त्या खात्याचा तपशील मागावा. कर्ज आपण घेतले नाही हे सिद्ध करत बसण्याऐवजी ते आपणच घेतले हे बँकेने दाखवावे अशी भूमिका ठेवली की पत्रव्यवहाराचा सूर बदलतो.

क्रेडिट कार्डाबाबत रिझर्व्ह बँकेचे निर्देश विशेष उपयोगी आहेत. थकबाकी देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ राहिली तरच ती पतमाहिती कंपनीला कळवता येते. थकबाकीदार म्हणून नोंद पाठवण्यापूर्वी कार्डधारकाला सूचना द्यावी लागते. आणि एखाद्या व्यवहाराबद्दल वाद चालू असेल तर तो मिटेपर्यंत बँकेने अशी माहिती देताना विशेष दक्षता घ्यावी, असे त्यांत म्हटले आहे. न मागता दिलेल्या कार्डाचे बिल लावले तर ते मागे घेऊन वर त्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला देण्याची तरतूदही त्यात आहे.

तक्रारीआधी जमवायचा पुरावा

सर्वांत आधी चारही चुकीचे अहवाल पीडीएफ स्वरूपात जतन करावेत. प्रत्येक अहवालावर तारीख आणि एक नियंत्रण क्रमांक असतो, तो कापला जाणार नाही अशी छापील प्रत काढावी. अहवाल ज्या ई-मेलने आला तो ई-मेल पुसू नये. पुढे प्रकरण ग्राहक आयोगापुढे किंवा न्यायालयात गेले तर इलेक्ट्रॉनिक कागदपत्रांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागू शकते, आणि ते देताना मूळ फाइल आपल्याजवळ असणे सोयीचे ठरते.

दुसरा पुरावा नोंद खोटी असल्याचा. कर्जखात्याचा संपूर्ण उतारा, हप्ते ज्या बचत खात्यातून गेले त्याचा उतारा, कर्जफेडीचे प्रमाणपत्र, कार्ड बंद करण्याच्या अर्जाची पोच, बँकेशी झालेला पत्रव्यवहार. बँक सरकारी असेल आणि उतारा देण्यास टाळाटाळ करत असेल, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्कात स्वतःच्या खात्याची माहिती मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. खासगी बँकेकडे हा मार्ग नाही.

तिसरा पुरावा, आणि नेमका हाच बहुतेक जणांच्या फाइलमध्ये नसतो, म्हणजे नुकसान आणि नोंद यांना जोडणारा दुवा. दुसऱ्या बँकेने कर्ज नाकारले असे नुसते सांगून भागत नाही. ते याच नोंदीमुळे नाकारले हे कागदावर यावे लागते. कर्जाचा किंवा क्रेडिट कार्डाचा अर्ज नाकारताना त्याची मुख्य कारणे अर्जदाराला लेखी कळवावीत, असे रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेत आहे. शाखेतील अधिकारी बऱ्याचदा ‘सिबिलमुळे झाले नाही’ असे तोंडी सांगून मोकळे होतात. त्याच दिवशी ई-मेल करून लेखी कारण मागावे. शिवाय पतमाहिती कंपन्यांविषयीच्या २००५ च्या कायद्यातील कलम २१ नुसार, कर्जासाठी अर्ज करणाऱ्याला बँकेने त्याच्याबद्दल मागवलेल्या पतमाहितीची प्रत मागता येते. नाकारणाऱ्या बँकेच्या टेबलावर त्या दिवशी कोणता अहवाल होता हे त्या प्रतीवरून ठरते, आणि त्यात ती चुकीची नोंद ठळक दिसत असेल तर दुवा पक्का होतो.

कर्ज नाकारले गेले नाही, पण व्याजदर वाढवून मिळाला, असेही घडते. तेव्हा मंजुरीपत्र जपून ठेवावे आणि त्या काळात त्याच बँकेने चांगल्या स्कोअरला दिलेला दर तिच्या संकेतस्थळावरून तारखेसह छापून घ्यावा.

बँकेला द्यायचे पहिले पत्र

तक्रार बँकेकडे आणि पतमाहिती कंपनीकडे एकाच दिवशी करावी, म्हणजे मुदतीचे दिवस एकाच तारखेपासून मोजता येतात आणि दोघांना एकमेकांकडे बोट दाखवता येत नाही. बँकेची तक्रार शाखेत देऊन शिक्क्यासह पोच घ्यावी आणि तीच तक्रार बँकेच्या तक्रार निवारणाच्या ई-मेलवर पाठवून तक्रार क्रमांक घ्यावा. फोनवर केलेली तक्रार पुढे काहीच कामाची नसते. तक्रारीत स्वतःचा ई-मेल, संपर्क क्रमांक आणि भरपाई जमा करण्यासाठी बँक खाते किंवा यूपीआय आयडी नमूद करावा. ही माहिती अचूक देण्याची जबाबदारी तक्रारदारावर आहे.

पत्राचा मजकूर साधारण असा ठेवता येईल:

“आपल्या शाखेतील माझ्या वैयक्तिक कर्जखात्याची, ज्याचा क्रमांक वर दिला आहे, संपूर्ण परतफेड झाली असून आपण दिलेले थकबाकी नसल्याचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. असे असूनही सोबतच्या चार पत अहवालांपैकी तीन अहवालांत हे खाते सलग आठ महिने थकीत असल्याचे दाखवले आहे. ही नोंद असत्य आहे. तरी चारही पतमाहिती कंपन्यांना दुरुस्त माहिती २१ दिवसांच्या आत पाठवून तसे मला लेखी कळवावे. ही नोंद प्रथम कोणत्या तारखेला पाठवली, कोणत्या आधारावर पाठवली आणि पाठवताना मला एसएमएस किंवा ई-मेल केला होता काय, याचा खुलासा करावा. या नोंदीमुळे माझा गृहकर्जाचा अर्ज नाकारला गेला असून त्याबाबतचे पत्र जोडले आहे. झालेल्या नुकसानीचा तपशील परिशिष्टात दिला असून तेवढी रक्कम मला भरपाई म्हणून द्यावी. तक्रार अमान्य करणार असल्यास कारणे लेखी द्यावीत.”

यातील एसएमएसचा प्रश्न सहज घातलेला नाही. थकबाकीची माहिती पतमाहिती कंपनीला पाठवताना ग्राहकाला एसएमएस किंवा ई-मेलने कळवण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये घातले आहे. तसा संदेश आला नसेल तर चुकीच्या नोंदीबरोबरच ती सेवेतील आणखी एक त्रुटी ठरते. आणि आला असेल, पण आपण सहा महिने त्याकडे दुर्लक्ष केले असेल, तर बँक ते बरोबर शोधून काढेल. तेव्हा स्वतःचा इनबॉक्स आधी तपासून घ्यावा.

आणखी एक सूचना. ही थकबाकी ‘एकदाची भरून टाका, नोंद लगेच काढतो’ असा प्रस्ताव वसुली विभागाकडून येऊ शकतो. रक्कम लहान असली की मोह होतो. परंतु देणे नसताना भरलेले पैसे म्हणजे देणे होते याची कबुली, असा अर्थ पुढे लावला जातो. भरणे अगदी अपरिहार्य असेल, उदाहरणार्थ घराचा व्यवहार अडला असेल, तर ‘देणे अमान्य असून हक्क राखून, हरकतीसह भरणा करत आहे’ असे लेखी कळवूनच भरावे.

दिवसाला शंभर रुपये: काय मिळते आणि काय मिळत नाही

रिझर्व्ह बँकेच्या २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने ठरवलेली भरपाईची चौकट २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रार नोंदवल्यापासून ३० दिवसांत तिचा निकाल लागला नाही तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हे पैसे कोणी द्यायचे तेही ठरलेले आहे: बँकेने २१ दिवसांत सुधारित माहिती पाठवली नाही तर बँकेने, आणि बँकेने वेळेत पाठवूनही पतमाहिती कंपनीने ३० दिवसांत काम पुरे केले नाही तर त्या कंपनीने. तक्रार निकाली निघाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात जमा व्हायला हवी.

समजा, तक्रार ३ मार्चला दिली. तीस दिवस २ एप्रिलला संपले आणि नोंद १७ मे रोजी दुरुस्त झाली. विलंब ४५ दिवसांचा, भरपाई ४,५०० रुपयांची.

पण ही भरपाई दुरुस्तीला लागलेल्या उशिराची आहे. मुळात खोटी नोंद केल्याची नाही. चुकीची नोंद दोन वर्षे अहवालात राहिली, तक्रार केल्यावर पंचविसाव्या दिवशी ती निघाली, तर या चौकटीत एक रुपयाही मिळत नाही. बँकेचे अधिकारी ‘नियमाप्रमाणे भरपाई दिली’ किंवा ‘नियमाप्रमाणे भरपाई लागू होत नाही’ असे सांगतात ते या परिपत्रकापुरते खरे असते. प्रत्यक्ष नुकसानीची मागणी त्याने संपत नाही. स्कोअर कसा काढला याबद्दलच्या तक्रारीही या चौकटीबाहेर आहेत. कर्जफेडीनंतर ३० दिवसांत घराची मूळ कागदपत्रे परत न केल्यास दिवसाला ५,००० रुपये देण्याचा नियम याच रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी केला. त्याच्या तुलनेत माणसाच्या पतीची किंमत दिवसाला शंभर रुपये ठरावी, हे मला तरी समर्थनीय वाटत नाही.

किती मागावे

मागणीची रक्कम हा बहुतेक तक्रारींचा दुबळा भाग असतो. मानसिक त्रासापोटी दहा लाख, असा एकच आकडा टाकला की वाचणाऱ्याचा उरलेल्या तक्रारीवरचा विश्वासही डळमळतो. कागदाने सिद्ध होणारे नुकसान, अंदाजाने मांडता येणारे नुकसान आणि मनस्ताप यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा.

पहिल्या गटात नाकारलेल्या कर्जाचे परत न मिळालेले प्रक्रिया शुल्क, कायदेशीर तपासणीचा आणि मूल्यांकनाचा खर्च, घराच्या करारात जप्त झालेली बयाणा रक्कम, प्रवास आणि टपालाचा खर्च या बाबी येतात. प्रत्येकीसमोर पावती हवी.

जादा व्याजाचा हिशेब थोडा काळजीने करावा लागतो. ३० लाखांचे गृहकर्ज वीस वर्षांसाठी ८.५० टक्क्यांऐवजी ९.२५ टक्क्यांनी घ्यावे लागले, असे धरू. मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपयांवरून २७,४७६ रुपयांवर जातो, म्हणजे फरक १,४४१ रुपयांचा दिसतो. परंतु पहिल्या महिन्याचे व्याज २१,२५० ऐवजी २३,१२५ रुपये होते, म्हणजे खरा तोटा १,८७५ रुपयांचा. कारण चढ्या दरात हप्त्यातून मुद्दल कमी फिटते. म्हणून मागणी हप्त्यांच्या फरकावर न बेतता बँकेच्या व्याज उताऱ्यावर बेतावी.

मात्र हा फरक वीस वर्षांचा लावू नये. नोंद दुरुस्त झाल्यावर कमी दराच्या बँकेकडे कर्ज हलवता येते, आणि बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचे शुल्क लावता येत नाही. आपले नुकसान कमी ठेवण्यासाठी वाजवी प्रयत्न करणे आपल्याकडून अपेक्षित असते; भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणातही नुकसान मोजताना ही बाब लक्षात घेण्यास सांगितले आहे. तेव्हा नोंद दुरुस्त होईपर्यंतचे आणि कर्ज हलवण्यास लागलेल्या वाजवी काळातले जादा व्याज, अधिक कर्ज हलवण्याचा खर्च, एवढी मागणी टिकते. त्याच कलमानुसार दूरान्वयाने झालेले नुकसानही मिळत नाही. ‘कर्ज मिळाले असते तर दुकान टाकले असते आणि इतका नफा झाला असता’ ही मागणी त्यामुळे सहसा टिकत नाही.

मनस्तापाबद्दल आकड्यापेक्षा वर्णन महत्त्वाचे. वसुलीसाठी किती फोन आले, कोणत्या वेळी आले, नातेवाइकांना किंवा कार्यालयात केले का, किती वेळा शाखेत जावे लागले, याची तारीखवार नोंद ठेवावी. ती नोंद नंतर आठवून लिहिलेली आणि त्या त्या दिवशी लिहिलेली यांतला फरक वाचणाऱ्याला जाणवतो.

रिझर्व्ह बँकेचे लोकपाल

बँकेने तक्रार फेटाळली, अर्धवट मानली किंवा तीस दिवसांत उत्तरच दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली, म्हणजे बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या तिच्या अधिकाऱ्याकडे, दाद मागता येते. ही योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली आणि १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही तिच्या कक्षेत आहेत. शुल्क नाही आणि वकील लागत नाही. किंबहुना वकिलामार्फत केलेली तक्रार स्वीकारलीच जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन किंवा चंदीगड येथील केंद्रीकृत केंद्राकडे टपालाने तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

बँकेला लेखी तक्रार केल्याशिवाय लोकपालांकडे गेल्यास अर्ज तिथेच थांबतो. २०२१ च्या योजनेनुसार बँकेचे उत्तर मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत, आणि उत्तर न आल्यास तक्रारीपासून एक वर्ष तीस दिवसांच्या आत जावे लागते. हाच विषय न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात प्रलंबित असेल तर लोकपाल तो हाताळत नाहीत. तेव्हा दोन्हीकडे एकदम धावण्याचा काही उपयोग नाही.

२०२१ च्या योजनेत प्रत्यक्ष नुकसानीसाठी २० लाख रुपयांपर्यंत आणि वेळेचा अपव्यय, खर्च व मनस्ताप यांसाठी वेगळे एक लाख रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना दिला आहे. मर्यादा आणि अटी वेळोवेळी बदलत असल्याने अर्ज करण्याच्या दिवशी पोर्टलवर असलेला योजनेचा मजकूर वाचून घ्यावा. येथील कामकाज संक्षिप्त असते, साक्षीपुरावे किंवा उलटतपासणी नसते. ज्या प्रकरणात कागद स्वच्छ बोलतात, म्हणजे प्रमाणपत्र एका तारखेचे आणि थकबाकीची नोंद त्यानंतरची, ते येथे चांगले चालते. सही खरी की बनावट असा वाद असेल तर ते येथून परत येण्याची शक्यता जास्त.

प्रकरण लोकपालांकडे गेल्यावर बऱ्याच बँका समेटाचा प्रस्ताव ठेवतात. त्यात नोंदीची दुरुस्ती आणि पाच-दहा हजार रुपये असतात, आणि सोबत ‘माझी कोणतीही मागणी शिल्लक राहिलेली नाही’ असे पत्र सहीसाठी येते. ती सही म्हणजे उरलेल्या सर्व मागणीवर पाणी. रक्कम पुरेशी वाटत असेल तर अवश्य घ्यावी. नसेल तर समेट नाकारून निवाडा मागावा. निवाडा आपल्या बाजूने लागला तर तो मान्य असल्याचे पत्र ३० दिवसांत द्यावे लागते, नाहीतर तो रद्द होतो. निवाडा अपुरा वाटला तर तो न स्वीकारता पुढचा मार्ग धरता येतो.

ग्राहक आयोग

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बँकिंग ही ‘सेवा’ आहे आणि सेवेतील त्रुटीबद्दल भरपाई मागता येते. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते, बँकेचे मुख्य कार्यालय कोठेही असो. कोणत्या आयोगात जायचे हे भरपाईच्या मागणीवरून ठरत नाही, सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. तो ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत तर शुल्कही नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते आणि स्वतः बाजू मांडता येते. कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात याहून बराच अधिक काळ लागतो हे गृहीत धरूनच उतरावे.

मुदत दोन वर्षांची आहे. लोकपालांकडे गेलेला काळ त्यातून आपोआप वजा होईल असे धरून चालू नये. नोंदीची माहिती कळल्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी आणि तेथून दीड वर्ष उलटले की लोकपालांच्या उत्तराची वाट पाहायची की नाही याचा निर्णय घ्यावा.

बँकेकडून येणारे दोन आक्षेप आधीच माहीत असलेले बरे. पहिला असा, की तक्रारदार ‘ग्राहक’च नाही, कारण कर्ज व्यावसायिक होते. हा आक्षेप पोकळ नाही. कर्ज तडजोडीने मिटवल्यानंतरही एका जाहिरात कंपनीचे नाव थकबाकीदार म्हणून कळवल्याच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तिला ७५ लाख रुपयांची भरपाई दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये तो आदेश रद्द केला, कारण कर्ज नफ्याच्या उद्योगासाठी घेतलेले असल्याने कंपनी ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नव्हती. नोंद बरोबर होती, असा याचा अर्थ नाही. दरवाजा चुकला होता. व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जाबाबत म्हणूनच वकिलाचा सल्ला घेऊन दिवाणी न्यायालय की अन्य मार्ग हे आधी ठरवावे. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायद्याने यातून सूट आहे, पण ती तक्रारीत स्पष्टपणे मांडावी लागते.

दुसरा आक्षेप २००५ च्या कायद्यातील कलम १८ चा. पतमाहितीच्या व्यवसायाबाबतचे, ज्यांवर त्या कायद्यात उपाय दिलेला नाही असे वाद लवादाकडे जावेत, असे ते कलम सांगते, आणि कलम ३१ त्या बाबतीत अन्य न्यायालयांना मनाई करते. म्हणून तक्रारीची मांडणी पतमाहिती कंपनीच्या कारभारावर केंद्रित करू नये. खाते फेडलेले असताना ते नीट न मिटवणे, खोटी माहिती पाठवणे, तक्रारीला उत्तर न देणे या बँकेच्या सेवेतील त्रुटींवर ती उभी करावी. आणि ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम १०० हा उपाय इतर कायद्यांना पूरक असल्याचे सांगते, त्याचा उल्लेख करावा.

बदनामीचा दिवाणी दावा हाही एक मार्ग आहे, पण त्याची मुदत अवघी एक वर्षाची असते आणि वेळ, शुल्क, वकील यांचा हिशेब लहान रकमेला परवडत नाही.

आदेश हाती आल्यावर

आदेशाची प्रत बँकेच्या शाखेबरोबरच तिच्या मुख्य नोडल अधिकाऱ्याला (अशा तक्रारींत बँकेची बाजू सांभाळणाऱ्याला) पाठवावी आणि रक्कम जमा झाल्यावर चारही पत अहवाल पुन्हा तपासावेत. एका कंपनीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहणे हे वारंवार घडते. खाते मध्यंतरी एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (बँकांची थकीत कर्जे विकत घेणाऱ्या कंपनीला) विकले गेले असेल तर तिच्या नावाने तेच कर्ज दुसऱ्यांदा दिसत नाही ना, हेही पाहावे. जिल्हा आयोगाच्या आदेशावर बँकेला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. अपील झाले नाही, किंवा झाले पण स्थगिती मिळाली नाही, आणि तरीही पैसे आले नाहीत, तर त्याच आयोगात दरखास्त दाखल करावी: कलम ७१ खाली आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे होते, आणि कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार ते एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दरखास्तीची नोटीस शाखेत पोहोचली की अडलेला धनादेश बहुधा त्याच आठवड्यात निघतो.